अनुजा वाटेवर असेपर्यंत

१

क्रांतीच्या घरातली फरशी बघून आलेले पाहुणे चपला तर काढतच, वर पायही पायपुसण्यावर दोनदा पुसत. उजळाईवाडीत विमानतळाच्या अंगाला त्यांचं दुमजली घर होतं. समोरच्या रस्त्यावर दिवसभर धुरळा उडायचा, पण उंबऱ्याच्या आत तो कधी टिकला नाही. सकाळी आणि संध्याकाळी चिमणाबाई येऊन केर काढायची, आणि ती गेली की क्रांती तिच्या मागून पुन्हा कोपरे काढायची. चिमणाबाई त्यावरून तोंडावर बोलून दाखवायची. क्रांती नुसती हसायची. भांडण तिच्या स्वभावातच नव्हतं. वडिलांनी मोर्च्यांच्या दिवसांत मोठ्या हौसेनं ठेवलेलं नाव तिनं पन्नास वर्षं अगदी हळू आवाजात वापरलं होतं.

त्या दिवशी मात्र तिनं चिमणाबाईला दारातूनच परत पाठवलं. तिची एकुलती लेक अनुजा सकाळच्या विमानानं बेंगळुरूला गेली होती आणि तिथून पुढं सॅन फ्रान्सिस्कोला जाणार होती, नोकरीसाठी. माणूस वाटेवर असताना त्याच्या मागं घर झाडायचं नाही, हे क्रांती माहेरी शिकली होती. सासरीही तेच होतं. का, ते कुणी कधी विचारलं नाही. तिचा नवरा विजयसिंह शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकामावर होता. कामासाठी तो पुण्याला गेला तरी त्याचा ‘पोचलो’ असा फोन येईपर्यंत केरसुणी दाराआडच राहायची.

“मग सांजला येतो की,” चिमणाबाई म्हणाली.

“सांजला न्हाय. उद्या बघू. लई लांबचा पल्ला हाय.”

चिमणाबाईनं मान आत घालून फरशी बघितली. “तुमाला आज झोप यायची न्हाय, ताई,” ती म्हणाली आणि गेली.

घराची दशा तशीच होती. हॉलमध्ये बॅगा बांधताना तुटलेल्या दोऱ्या आणि चिकटपट्टीचे तुकडे. देवघरापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या. वरच्या खोलीत अनुजानं घाईघाईनं केस विंचरले होते, त्यांची गुंतवळ. आणि जिन्याच्या पायरीवर कांदा-लसूण चटणीची पिशवी फुटून पडलेला लाल सडा. क्रांतीचा हात सारखा शिवशिवत होता. तिनं तो पदरात गुंडाळून ठेवला.

आदल्या रात्री कणीक मळताना तिनं लेकीला विचारलं होतं, की नेमकं लांब म्हणजे किती लांब. अनुजानं परातीतला गोळा उचलला आणि त्यावर नखानं खूण केली. “ही आपली उजळाईवाडी.” मग गोळा फिरवून पार मागच्या अंगाला दुसरी खूण केली. “आणि हे माझं.” मधलं अंतर चौदा हजार किलोमीटर. दुपारी बेंगळुरूहून सुटलेलं विमान कुठंही न थांबता पंधरा-सोळा तास उडणार होतं. तिकिटावर संध्याकाळी पाचला पोचतं असं लिहिलेलं, पण ते पाच तिकडच्या घड्याळातले. “तू रात्रीचा स्वयंपाक करशील, झोपशील, उजाडताना उठशील, तवा मी उतरत असंन.” मग तिला गंमत सुचली. “आणि मधनंच वाट असती तर,” म्हणत तिनं चमच्याचा दांडा एका खुणेतून घातला आणि दुसऱ्या खुणेतून बाहेर काढला. “हे असं. मिनिटात.”

क्रांतीला ते का कोण जाणे आवडलं नाही. तिनं गोळा लेकीच्या हातून घेतला आणि दाबून दाबून भोक बुजवलं.

२

पाच वाजून गेले होते. क्रांतीनं चहाचं आधण ठेवलं होतं. विजयसिंहनं त्या दिवशी रजा घेतली होती आणि तो हॉलमध्ये फोन मांडीवर घेऊन बसला होता. वाजला तो क्रांतीचा फोन. अनुजाचं नाव, अनुजाचा फोटो.

“आई, पोचले हं मी. अगदी सुखरूप.”

क्रांतीनं गॅस बारीक केला आणि डोळे मिटले. दिवसभर छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उठून गेलं. तिनं जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं. सगळ्याची उत्तरं गोड आली. आवाज इतका स्वच्छ होता, की शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं. त्याच्या मागं काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळी बेंगळुरूहून अनुजा बोलली तेव्हा मागं घोषणा चालल्या होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि अनुजा त्या सगळ्यावर ओरडून बोलत होती.

“आई, आता केर काढ. घर घाण झालं असेल.”

“काढते की.”

“आत्ता काढ. वरच्या खोलीपासून सुरू कर.”

फोन बंद झाला. विजयसिंह आत आला. त्याचं तोंड उजळलं होतं. तिकिटावर पाच म्हणजे पाचला, घड्याळ लावून घ्यावं, असं म्हणत त्यानं लगेच थोरल्या भावाला, गणपतरावांना फोन लावला. त्यांनी पेढे घेऊन येतो म्हणून सांगितलं. मग सांगलीच्या बहिणीला, मग फौंड्रीतल्या दोघा-तिघांना.

क्रांती दाराआड गेली आणि केरसुणी हातात घेतली. केर काढायचं सांगितलं म्हणून तिला बरंच वाटायला हवं होतं. पण अनुजा तिच्या केरसुणीवर नेहमी हसायची. माणसं चंद्रावर चालली आणि आमची आई अजून केरावर अडलीया, असं ती चारचौघांत म्हणायची. आज तिला स्वतःहून आठवण झाली होती.

लांब गेलं की पोरांना आईचं पटायला लागतं, अशी क्रांतीनं स्वतःची समजूत घातली आणि पायरीपाशी वाकली. चहा उतू गेल्याचा वास आला. ती धावत गेली, गॅस बंद केला, ओटा पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

रात्रीचा स्वयंपाक अजून व्हायचा होता. ती झोपली नव्हती. उजाडलं नव्हतं.

तिनं केरसुणी परत दाराआड ठेवली.

३

शेजारच्या जरीनाभाभीची दोन्ही पोरं दोह्याला होती. कुठलं विमान कुठं आहे ते फोनवर बघणं तिच्या हातचं झालं होतं. अनुजा निघाली तेव्हा ती सुखरूप पोचावी म्हणून जरीनाभाभीनंच तिच्या दंडाला हिरव्या कापडात नाणं बांधलं होतं. क्रांती तिच्याकडं गेली तेव्हा ती गच्चीवरचे कपडे काढून आणून घडी घालत होती. लेक पोचली का, असं तिनं विचारलं आणि क्रांतीला पटकन हो म्हणता आलं नाही.

अनुजानं विमानात चढताना विमानाचा नंबर पाठवला होता. जरीनाभाभीनं तो फोनमध्ये घातला. निळ्या-हिरव्या नकाशावर एक पिवळं विमान उमटलं. दोघी त्याच्यावर वाकल्या.

“ही अजून ब्रह्मदेशावर हाय की, वैनी,” जरीनाभाभी म्हणाली. “अजून सगळा समुद्र ऱ्हायलाय.”

हे दुसरं विमान असेल, असं क्रांती म्हणाली. जरीनाभाभीनं नंबर पुन्हा ताडून बघितला. तेच होतं. मग क्रांतीनं अनुजाला फोन लावला. तो बंद होता. असणारच होता, विमानात बसलेल्या माणसाचा फोन जसा बंद असतो तसा.

क्रांतीनं आपल्या फोनवर आलेला कॉल दाखवला. यादीत सगळ्यात वर, लेकीचं नाव आणि तोच फोटो. जरीनाभाभीनं तो बघितला, फोन परत दिला, आणि हात ओढणीला पुसला. आपण हात पुसला हे तिच्या ध्यानातही आलं नसावं.

आजकाल आवाजाची नक्कल करणारे चोर निघालेत, असं ती म्हणाली. पेपरात येतं. आई-बापांना फोन करतात, पोरगं अडकलंय सांगतात, पैसे मागतात. क्रांतीला हे पटलं. पटावं अशी तिची फार इच्छा होती.

“ह्यानं काय मागितलं?”

“केर काढ म्हणाली.”

जरीनाभाभीच्या हातातली चादर अर्धवट घडी होऊन तशीच राहिली. बाहेर संध्याकाळचं हैदराबादचं विमान घरांवरून गेलं आणि खिडकीच्या काचा नेहमीसारख्या थरथरल्या.

“मग नका काढू,” ती म्हणाली.

४

गणपतराव आणि जाऊबाई पेढे घेऊन आले तेव्हा दिवे लागले होते. जाऊबाईंनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि फरशीकडं बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना या घरात बघण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. त्यांनी पाकळ्या चुकवत चुकवत खुर्ची गाठली. विजयसिंहनं बायकोकडं बघून डोळे वटारले. क्रांती पाणी आणायला गेली.

ती येईपर्यंत विजयसिंहचा फोन वाजला होता आणि त्यानं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो मोठा करून टीपॉयवर ठेवला होता.

“पप्पा, आई अजून केर काढेना,” अनुजा म्हणाली.

सगळे हसले. गणपतरावांना तर ठसका लागला. तिकडनंसुद्धा हिचं ध्यान घरातच, असं जाऊबाई म्हणाल्या.

“दिसतं ना मला,” आवाज म्हणाला. “तिसऱ्या पायरीवर चटणी सांडलीय. काकूंच्या खुर्चीखाली चिकटपट्टी आहे.”

जाऊबाई हसत हसतच खाली वाकल्या. वाकल्या आणि हळूच पाय वर घेऊन बसल्या. फोटोवाला फोन केला असेल तिनं, असं त्या म्हणाल्या. पण टीपॉयवर फोन उताणा पडला होता आणि त्याच्यासमोर नुसतं छत होतं.

विजयसिंहला बाकी काही ऐकायचं नव्हतं. भावासमोर घर असं, आणि लेक तिकडून सांगतेय तरी बायको जागची हलत नाही. तो उठला, दाराआडची केरसुणी घेऊन आला आणि तिच्यापुढं धरली.

“घे. पोरगी सांगायला लागलीया.”

“न्हाय काढणार,” क्रांती म्हणाली.

तिला स्वतःलाच तो आवाज अनोळखी वाटला. गणपतरावांचा पेढा तोंडाशी थांबला. विजयसिंहनं पुन्हा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ती त्याच्याशी बोलतच नव्हती. ती टीपॉयकडं बघत होती.

“माझी लेक आभाळात हाय. तिचा पाय भुईला लागल्याशिवाय ह्या घरातली काडी हलायची न्हाय. तू कोण हाईस ते मला विचारायचं न्हाय. पर मी कोण हाय ते तू ध्यानात ठेव.”

फोन काही बोलला नाही. बंदही झाला नाही. त्याच्यावरचे आकडे पुढं सरकत राहिले. शेवटी विजयसिंहनंच तो बंद केला.

पाहुणे चहा न घेता गेले. मग तिनं नवऱ्याला पिवळं विमान दाखवलं. ते चीन ओलांडत होतं. नेटवर काय वाट्टेल ते दाखवतात, असं तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं फोन मागून घेतला आणि पुन्हा बघितलं. चष्मा पुसून आणखी एकदा बघितलं. विमान केसभर पुढं सरकलं होतं.

“मग बोललं कोण?” त्यानं विचारलं.

 केरसुणी दोघांच्या मध्ये पडली होती. ती क्रांतीनं उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवून वरून कडी घातली.

५

रात्रभर फोन वाजत राहिला आणि तिनं तो वाजू दिला. विजयसिंह खुर्चीतच कलंडला. क्रांती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. पिवळं विमान जपान सोडून मोठ्या निळ्या पाण्यावर गेलं आणि मग नाहीसंच झालं. समुद्रावर असं होतं, असं जरीनाभाभीनं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी विमान पुन्हा उमटेपर्यंत क्रांतीनं देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. नाव घेताना डोळे मिटावे लागले असते.

फटफटलं. कावळे ओरडायला लागले, दूधवाल्याची गाडी वाजली, आणि जीव जरा सैल झाला. दिवसाउजेडी माणसाला कालचं सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटतं. तिला वाटलं, उठावं, तोंड धुवावं, चहा टाकावा.

तेव्हा वरून आवाज आला.

खर्र. मग थोडं थांबून, खर्र.

तो आवाज ती ओळखणार नाही असं होणं शक्य नव्हतं. आयुष्यभर तिच्याच हातातून तो निघाला होता. चिमणाबाई लवकर आली असेल असं तिला वाटलं, पण पुढच्या दाराला आतून कडी होती. मग वाटलं, कबुतरं. मग वाटलं, गच्चीवर वाळत घातलेली नारळाची झावळी वाऱ्यानं घासत असेल. वारा नव्हता. ती जिना चढून गेली, चटणीवर पाय न पडू देता, पायरीच्या कडेनं.

अनुजाच्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून कोवळा उजेड फरशीवर पडला होता, आणि खिडकीकडची अर्धी फरशी लख्ख होती. पलंगाखालून, कपाटाच्या खाचेतून सगळं ओढून काढलेलं. काम नीट केलेलं होतं. एकावर एक फटकारे, कोपऱ्यापासून दाराच्या दिशेनं. खोलीच्या मध्यावर केराची एक बारीक रांग उभी होती आणि त्या रांगेत अनुजाच्या केसांची गुंतवळ अडकली होती.

क्रांतीनं फोन बघितला. विमान किनाऱ्याजवळ आलं होतं, अगदी बोटाच्या पेराएवढं अंतर राहिलेलं. पण ते पुढं जात नव्हतं. त्याच्यामागची रेघ स्वतःभोवतीच वळसे घेत होती, एक, आणखी एक.

तिला धड रडूही आलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तो केर उचलून मागं फेकायला लागली. पलंगाखाली, कपाटाच्या खाचेत, खिडकीच्या कोपऱ्यात. उभ्या जन्मात फरशीवर चिमूटभर धूळ न राहू दिलेली बाई मुठी भरभरून घरात केर उधळत होती. धूळ तिच्या नाकातोंडात गेली, केसांवर बसली. गुंतवळ तिनं होती तिथं, आरशाखाली, नीट ठेवली.

मग विजयसिंहला हाक मारायला ती जिन्याच्या तोंडाशी गेली, आणि तिच्या मागं दार अर्धं लोटलं गेलं.

६

खर्र.

आता तो आवाज घाईत होता. दाराच्या फटीतून पहिल्यांदा धूळ बाहेर आली. मग केरसुणीची टोकं आली. ती तिचीच होती. कडीच्या आत ठेवलेली. टोकं फरशीवर पसरली, केर ओढत उंबऱ्याबाहेर आली आणि पुन्हा आत गेली. पुन्हा आली, या वेळी जास्त लांब, जिन्याकडं.

केरसुणीला पाय लावायचा नाही. चुकून लागला तर हात लावून डोक्याला लावायचा. हे तिला चालायला लागण्याच्या आधीपासून माहीत असावं.

टोकं तिसऱ्यांदा बाहेर आली आणि क्रांतीनं त्यांच्यावर पाय दिला. अंगाचा सगळा भार देऊन.

आतून ओढ आली. हिसका नव्हता. एकसारखी, दमदार ओढ. विहिरीत सोडलेल्या घागरीला लागते तशी. तिचा पाय घसटत वीतभर पुढं गेला. तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि दुसरा पायही केरसुणीवर ठेवला.

फटीतून तिला तो हात दिसला. केर काढणारं माणूस वाकलेलं असतं. हात वरून खाली येतो, मागं खांदा असतो, डोकं असतं. हा हात फरशीलगत आला होता. त्याच्या मागं उंची नव्हती. जे काही होतं ते सगळं पलंगाखालच्या त्या चार बोटं जागेत मावेल इतकं सपाट होतं, आणि तिथंच, जमिनीसपाट, अनुजानं काल निघताना घातलेल्या निळ्या कुडत्याची बाही होती. नखं अनुजाची होती. बाही जिथं संपत होती त्याच्या पलीकडं बघायचं नाही, हे क्रांतीनं ठरवलं. तिनं मान वळवली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली.

चौकटीला टेकलेल्या हातात फोन वाजला आणि आपोआप सुरू झाला.

“आई, पाय काढ ना.”

“न्हाय काढत.”

“मला उशीर होतोय, आई.”

“होऊ दे,” क्रांती म्हणाली. “जितका उशीर करायचा तितका मी करणार. माझ्या घरचा केर मी काढायचा. मी.”

विजयसिंह जिन्यात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं बायकोचे पाय बघितले, ते कशावर आहेत ते बघितलं. तिला वाटलं, आता ओरडेल. तो वर आला आणि आपला ओतकामात भाजलेला, डागांनी भरलेला पाय तिच्या पायाशेजारी ठेवला. ओढ त्याच्याही तळव्याला लागली. त्याच्या तोंडावरचं रक्त गेलं. पण पाय त्यानं उचलला नाही. तिचा दंड धरला आणि तोही भिंतीकडं बघायला लागला.

किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. खाली जिन्यावर ऊन आलं. फोन बंद झाला, आणि मग पुन्हा वाजला. ती उचलेना. तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा, चिडल्यासारखा. शेवटी तिनंच बटण दाबलं आणि कानावर एकदम गोंगाट आदळला. कसल्या तरी घोषणा, चाकांची घरघर, माणसंच माणसं.

“उचल की गं फोन! मेली का जगली कळायला नको? आन् ऐक, माझी मोठी बॅग आलीच न्हाय. अर्धा तास त्या धुक्यात घिरट्या घालत बसलोय, सगळं पोट ढवळून निघालं. आई? ऐकतीस न्हवं? कुणी मेल्यागत गप का झालीस?”

पायाखालची ओढ सुटली. केरसुणी नुसती केरसुणी होऊन पडली. विजयसिंहनं दार ढकललं. खोलीत ऊन होतं आणि धूळ होती.

क्रांती जिन्यावर बसली आणि लेकीच्या शिव्या ऐकत राहिली. इतकं गोड तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

७

आता काढ केर, असं विजयसिंह म्हणाला. खोलीवर पोचू दे तिला, असं क्रांती म्हणाली. चिमणाबाई आली, तिला त्यानंच फाटकातून परत पाठवलं. केरसुणी त्यानं परसात नेऊन नळाच्या पाइपाला तारेनं बांधली. दोघांनी धुळीतच बसून चहा घेतला.

ऊन चांगलं वर आल्यावर अनुजाचा फोन आला. तिकडं रात्र झाली होती. एका घराच्या मागच्या अंगाला तिनं खोली घेतली होती, ती मिळाली, किल्ली कुंडीखाली ठेवलेली होती, असं सगळं तिनं सांगितलं. आवाज दमलेला, चिडचिडा, तिचाच. जिन्यानं चढताना धाप लागत होती. कुलूप उघडल्याचा आवाज आला, दिव्याचं बटण वाजलं.

“बरी हाय की,” अनुजा म्हणाली. “मालकीण म्हणालेली, दोन महिने बंद हाय, तुमचं तुम्ही झाडून घ्या. पर हितं तर लख्ख हाय, आई. आरशासारखं. केसभर धूळ न्हाय.”

विजयसिंहनं बशी खाली ठेवली.

“तू उंबऱ्याच्या आत गेलीस?” क्रांतीनं विचारलं.

“न्हाय, दारातच हाय अजून. बूट काढालोय.” मग अनुजा थांबली. “मालकीण आत असंल वाटतं. आतल्या खोलीत आवाज यायलाय.”

“कसला?”

अनुजा ऐकत होती. ती काही बोलायच्या आधी क्रांतीलाच तो ऐकू आला, चौदा हजार किलोमीटरवरून, इतका स्वच्छ की शेजारच्या खोलीत असावा.

“हाक मारू नकोस,” क्रांती म्हणाली. “तू अजून वाटंवरच हाईस. बूट पायातच ऱ्हाऊ दे. मागं सर. किल्ली ज्या कुंडीखाली होती ती जवळ हाय न्हवं?”

“हाय. आई, काय झालं?”

“तिच्यातली माती घे. मूठभर. आन् टाक त्या फरशीवर.”

अनुजा हसेल असं तिला वाटलं होतं. आईच्या केरसुणीवर ती आयुष्यभर हसली होती. या वेळी ती हसली नाही. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासाच्या मागं तो दुसरा आवाज, आता जरा जवळ आलेला.

“आई, ते दाराकडं यायलंय.”

“येऊ दे. मी हाय हितं. पप्पा हाईत. तू माती घे.”

कुंडी घासल्याचा आवाज आला. मग माती पडल्याचा. कोरड्या फरशीवर पाऊस सुरू व्हावा तसा बारीक, पसरत जाणारा. आतला आवाज थांबला.

विजयसिंह उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. क्रांतीनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

“अजून एक मूठ,” ती म्हणाली.